गाण्याचें जोतें

घर बांधावयाचें झालें म्हणजे गवंडी प्रथम जोत्याकडे पाहतो. भिंती कितीहि सुबक उभारल्या, तरी जोतें खचलें कीं त्यांस तडे जावयाचेच. घरांत गाणें ऐकण्यासाठीं जें यंत्र मांडतात त्यासहि असेंच एक जोतें लागतें, ही गोष्ट मात्र थोड्यांच्याच ध्यानांत येते. उत्तम तबकडी आणली, उत्तम सुई बसविली, लाउडस्पीकरहि नामांकित कारखान्याचे घेतले, आणि तें सर्व डुगडुगणाऱ्या टेबलावर मांडलें, तर गाण्यांत घुरघुर मिसळते, तबल्यावरील डग्ग्याचे बोल फुगल्यासारखे वाटतात, आणि कोणी जवळून धपधप चालत गेलें कीं सुई उडून भलत्याच ठिकाणीं जाऊन पडते. कित्येक घरांत आजोबांच्या वेळच्या तबकड्या जपून ठेविलेल्या असतात. त्यांतील एखाद्या गाण्याची दुसरी प्रत कोठेंच मिळत नसेल, तर उडालेल्या सुईनें काढलेला ओरखडा कायमचाच. म्हणून हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं, जतनाचाहि आहे.

प्रथम तबकडीवरील खांच किती सूक्ष्म असते तें पाहूं. मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी दीर्घवादन तबकडी कोलंबिया कंपनीनें अमेरिकेंत १९४८ सालीं बाजारांत आणली. तिच्यावरील खांच मिलिमीटरच्या सुमारें विसाव्या हिश्शाइतकी रुंद असते. खांचेच्या भिंती नागमोडी असतात, व ती नागमोड हेंच गाणें होय. हळुवार स्वरांच्या ठिकाणीं ही नागमोड मिलिमीटरच्या एक-सहस्रांशाहूनहि लहान असते. सुई या नागमोडीनें हलते. पण आपण कशामुळें हललों हें तिला कळत नाहीं. खांचेनें सुई हलविली काय, किंवा टेबल हादरून तबकडीच सुईखालीं हलली काय, तिच्या लेखीं दोन्ही सारखेंच. दोहोंचेंहि विजेच्या प्रवाहांत रूपांतर होतें, आणि ॲम्प्लिफायर दोहोंसहि इमानानें मोठें करितो.

त्यांत आणखी एक अडचण आहे. खर्जाच्या स्वरांना खांचेंत फार जागा लागते, म्हणून तबकडी कोरतांना खर्ज मुद्दाम कमी करितात, व वाजवितांना तो तितकाच वाढवून घेतात. १९५४ सालीं अमेरिकेंत ठरलेल्या व पुढें सर्वत्र रूढ झालेल्या प्रमाणानुसार, सेकंदास १००० कंपांच्या स्वराच्या तुलनेनें २० कंपांचा स्वर सुमारें नऊपट वाढविला जातो. आतां पावलांचे, मोटारींचे, दारें आपटण्याचे हादरे हे बहुतेक खर्जांतलेच असतात. तेव्हां गाण्याच्या खर्जाबरोबर त्यांचेंहि आयतेंच पोषण होतें.

कर्ण्याच्या जुन्या ग्रामोफोनास ही पीडा फारशी नव्हती. त्यांत विजेनें आवाज वाढविण्याची सोयच नव्हती. शिवाय सुईवरील भार शंभर ग्रॅमहून अधिक असे. आजच्या सुईवर तो बहुधा दीड-दोन ग्रॅमच असतो. यंत्र जसजसें नाजूक झालें, तसतशी त्याच्या पायाच्या स्थिरतेची गरज वाढली.

बाहेरच्या हादऱ्यांखेरीज एक घरचा चोरहि आहे. लाउडस्पीकरचा पडदा हलतो, त्याची पेटी थरथरते, ती थरथर जमिनींतून टेबलांत व टेबलांतून सुईपर्यंत पोंचते. सुई ती पुन्हां ॲम्प्लिफायरकडे पाठविते, आणि तीच लाउडस्पीकरमधून मोठी होऊन बाहेर पडते. असें चक्र एकदां सुरू झालें, आणि आवाज फार चढविलेला असला, तर गाणें बाजूस राहून नुसता हुंकार घुमूं लागतो. आवाज बेताचा असतांना हुंकार होत नाहीं खरा. परंतु खर्ज गढूळ करण्याचें काम तें चक्र गुपचूप करीतच असतें.

यावर उपाय म्हणून जो कंपरोधक चौरंग वापरतात, त्याचें तत्त्व समजण्यासाठीं एक घरगुती प्रयोग करावा. एक जड कुलूप घेऊन तें लांब व मऊ रबराच्या दोरीस टांगा. वरचें टोक हातांत धरून हात अगदीं सावकाश खालींवर करा. कुलूप हाताबरोबरच खालींवर होईल. आतां वेग वाढवीत जा. एका ठराविक वेगास कुलूप अनावर उसळूं लागेल. हात बोटभर हलला तर कुलूप वीतभर हलेल. आणखी वेग वाढवा. मग मात्र नवल दिसेल. हात भराभर हलत आहे, दोरी ताणत व आखडत आहे, पण कुलूप जवळजवळ जागच्या जागीं स्थिर आहे !

चौरंगाचें सारें शास्त्र या तीन अवस्थांत सांठविलेलें आहे. वजन आणि स्प्रिंग यांच्या प्रत्येक जोडीस स्वतःची एक कंपसंख्या असते. तिच्याहून पुष्कळ मंद हादरा जसाच्या तसा वर जातो. तिच्याशीं जुळणारा हादरा वाढून वर जातो. आणि तिच्याहून पुष्कळ जलद हादरा खालींच अडतो. संरक्षणाचा आरंभ त्या कंपसंख्येच्या सुमारें १.४ पटीपलीकडे होतो. तिप्पट वेगाचा हादरा वर जाईपर्यंत सुमारें एक-अष्टमांश उरतो. ही कंपसंख्या काढण्याची एक सोपी रीत आहे. वजनानें स्प्रिंग जितके सेंटिमीटर दबते, त्या संख्येचें वर्गमूळ काढावें व त्यानें ५ ला भागावें. स्प्रिंग १ सेंटिमीटर दबली तर सेकंदास ५ कंप. अडीच सेंटिमीटर दबली तर सुमारें ३. आणि केवळ १ मिलिमीटर दबली तर सुमारें १६. यावरून कळेल कीं, केवळ मिलिमीटरभर दबणाऱ्या कठीण रबरी गुंड्या यंत्राखालीं ठेवून खऱ्या खर्जाच्या हादऱ्यांपासून सुटका होत नाहीं. सुई व तिचा दांडा यांची स्वतःची कंपसंख्या बहुधा ८ ते १२ असते. तिच्या आसपासचे हादरे अडवावयाचे तर चौरंगाची कंपसंख्या तीन-चारच्या घरांत असावी लागते. शिवाय उसळी लवकर शमावी म्हणून स्प्रिंगेबरोबर थोडें नमदें किंवा मऊ रबर घालतात.

हें तत्त्व गाण्याच्या शोकिनांनीं शोधिलेलें नव्हे. १८८१ सालीं आल्बर्ट मायकेल्सन यांनीं प्रकाशाविषयींचा एक सूक्ष्म प्रयोग बर्लिन येथें मांडला. पण शहरांतील रहदारीच्या हादऱ्यांनीं तो होईना, म्हणून उपकरण पॉट्सडॅमच्या वेधशाळेंत न्यावें लागलें. पुढें १८८७ सालीं एडवर्ड मोर्ले यांच्यासह क्लीव्हलंड येथें प्रयोग करितांना त्यांनीं आपलें उपकरण एका जड शिळेवर मांडून ती शिळा पाऱ्यावर तरंगत ठेविली. १९६१ सालीं अमेरिकेंतील ॲकॉस्टिक रिसर्च कंपनीनें एडगर व्हिल्चर यांच्या रचनेचें तबकडीयंत्र विक्रीस काढलें. त्यांत तबकडीची चकती व सुईचा दांडा एकाच चौकटीवर बसवून ती चौकट मऊ स्प्रिंगांवर तोलून धरिली होती, आणि मोटार त्या चौकटीपासून वेगळी ठेविली होती. चौकट हललीच तर तबकडी व सुई दोन्ही बरोबर हलावीं, एकमेकींच्या मानानें नव्हे, ही त्यांतील खुबी. २०१५ सालीं अमेरिकेंतील लायगो वेधशाळांनीं गुरुत्वीय लहरी प्रथम टिपल्या. तेथील ४० किलोग्रॅम वजनाचे आरसे एकाखालीं एक अशा चार लोलकांच्या मालिकेंत टांगलेले होते. अशीच वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथ नजीक उभारण्यास भारत सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली. लोलक असो वा स्प्रिंग, कुलूप आणि रबर यांचाच हा विस्तार आहे.

आतां व्यवहाराकडे वळूं. पहिला प्रश्न जमीन कसली आहे हा. जुन्या वाड्यांच्या व चाळींच्या लांकडी तक्तपोशीवर माणूस चालला कीं ती लवते. पावलांचा वेग सेकंदास सुमारें दोन; म्हणजे तीन-चार कंपांच्या स्प्रिंगेहून मंद. अशा जागीं स्प्रिंगांचा चौरंग पावलांचा धक्का अडविण्याऐवजीं किंचित् वाढवितोच ! तेथें विटांच्या भक्कम भिंतींत बसविलेली फळी हाच उत्तम उपाय. फरशीच्या किंवा काँक्रीटच्या पक्क्या जमिनीवर मात्र चौरंग चांगलें काम देतो. तो घरींहि करितां येतो. कडप्प्याची एक जाड फरशी घ्यावी, तिच्याखालीं सायकलची ट्यूब अगदीं बेताची फुगवून ठेवावी, व वर यंत्र सपाट मांडून पाणसळीनें तपासावें. अणकुचीदार लोखंडी पायांनीं यंत्र डुगडुगत नाहीं हें खरें. परंतु ते कठीण असल्यानें हादरा अडवीत नाहींत.

परीक्षेची रीतहि सोपी आहे. तबकडी फिरत नसतांना सुई हलकेच तिच्यावर टेकवा, आवाज हळूहळू नेहमींइतका चढवा, व टेबलावर बोटानें टिचकी मारा. लाउडस्पीकरमधून जितका ठोका ऐकूं येईल, तितकें जोतें कच्चें. चौरंग घातल्यावर तीच टिचकी पुन्हां मारावी व फरक पाहावा.

पालकांनीं एक सावधगिरी बाळगावी. चौरंग विकणारे तो प्रत्येक यंत्राखालीं घालण्यास सांगतात. तबकडीयंत्रास त्याचा उपयोग उघड आहे. काचेच्या व्हॉल्व्हांच्या ॲम्प्लिफायरासहि थोडा होऊं शकतो, कारण व्हॉल्व्हमधील पत्रे व तारा हादऱ्यानें हलतात. परंतु ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरांत हलणारें कांहींच नसतें. तेथें मोठी रक्कम खर्चण्यापूर्वीं डोळे झांकून परीक्षा घ्यावी. दुसऱ्यानें, आपणांस न सांगतां, कधीं चौरंग घालावा व कधीं काढावा. आपण केवळ ऐकून दहा-वीस वेळां उत्तर द्यावें. कान बरोबर सांगतील तरच पैसे द्यावे.

शेवटीं शेजाऱ्याचा विचार. लाउडस्पीकरखालीं योग्य मऊ बैठक घातली, तर आपला खर्ज जमिनींतून खालच्या बिऱ्हाडाच्या छतांत कमी उतरतो. हवेंतून जाणारा आवाज त्यानें थांबत नाहीं. तो बेताचा ठेवणें हें आपल्याच हातीं. खालीं कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असेल, कोणी आजारी निजलें असेल. आपणांस आनंद देणारें गाणें दुसऱ्याच्या घरीं नुसता हादरा होऊन पोंचूं नये, हेंहि त्या जोत्याचेंच काम आहे.