सही पूर्ण, उत्पन्न अर्धं

गृहकर्जाच्या अर्जात दोन चौकोन असतात: नोकरदार आणि व्यावसायिक. मी नक्की कुठल्या चौकोनात बसते, हे ठरवण्यातच आमच्या फाइलचा बराचसा काळ गेला.

मी सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी बायोमेट्रिकवर अंगठा लावते, रजेचा अर्ज देते, साहेबांची बोलणी खाते. पण ऑर्डर अकरा महिन्यांची. ती संपली की एक दिवसाचा तांत्रिक खंड, मग पुन्हा अकरा महिने. महिन्याला २८,००० रुपये मिळतात ते मानधन म्हणून, आणि टीडीएस तेव्हा कापला जायचा तो कलम १९४ जे खाली, एखाद्या सल्लागाराच्या फीमधून कापावा तसा. वर्षअखेरीला हातात पगारदारांचा फॉर्म १६ नाही, १६ ए पडायचा. बँकेच्या क्रेडिट विभागाला एवढं पुरेसं होतं. त्यांनी मला व्यावसायिक ठरवलं आणि माझी ‘पीडी’ लावली.

पीडी म्हणजे पर्सनल डिस्कशन. दुकानदार, कारखानदार यांच्या धंद्यात किती दम आहे, हे अधिकारी समोर बसून अजमावतो. माझ्यासमोर बसलेला मुलगा सभ्य होता, पण त्याची प्रश्नावली दुकानदारांसाठीची होती.

“तुमचे मुख्य क्लायंट किती?”

“एक.”

“कोण?”

“शासन.”

“आणि त्यांनी काम देणं थांबवलं तर?”

चाकणच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या माझ्या नवऱ्याला हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्याच्या नेमणूकपत्रात कंपनी एक महिन्याच्या नोटिशीवर त्याला कमी करू शकते, असं स्वच्छ लिहिलं आहे. पण वर ‘कायम’ हा शब्द आहे, सॅलरी स्लिप आहे, पीएफ आहे. बँक कागद वाचते, आणि तिच्या बाजूने पाहिलं तर ते चूकही नाही. शेकडो फाइलींमधून कुणाची नोकरी टिकेल हे ओळखायला तिच्याकडे दुसरं साधन नाही.

खरी गंमत आकड्यांत आहे. निव्वळ उत्पन्नाच्या साधारण निम्म्यापर्यंत सगळे हप्ते मिळून जावेत, असा आमच्या बँकेचा हिशेब. ८.५ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर लाखाला ८६८ रुपये हप्ता बसतो. नवऱ्याच्या हातात ६२,००० येतात, म्हणजे ३१,०००चा हप्ता, म्हणजे पावणेछत्तीस लाखांच्या आसपास कर्ज. माझे २८,००० पूर्ण धरले तर तेच पावणेबावन्न लाखांवर जातं.

पहिल्या बँकेने माझं उत्पन्न शून्य धरलं. मात्र घरावर माझं नाव हवं असेल तर कर्जावर माझी सही हवीच. सही केली की मी संपूर्ण रकमेला जबाबदार, आणि माझी आधीची देणीही हिशेबात. माझ्या स्कूटरचा ३,२००चा हप्ता चालू होता. त्या एका हप्त्याने ३.७ लाखांचं कर्ज खाल्लं. थोडक्यात, मी सोबत आल्यामुळे नवऱ्याची पात्रता वाढायच्या ऐवजी बत्तीस लाखांवर उतरली! आमच्या एजंटाने कॅल्क्युलेटर वळवून दाखवला, तेव्हा नवरा हसला. मला हसू आलं नाही.

एजंटाने तोडगा सुचवला, मुदत ३० वर्षं करा. लाखाचा हप्ता ७६९वर येतो, खरा. पण लाखामागे एकूण व्याज १.०८ लाखांवरून १.७७ लाखांवर जातं. हे तो सांगत नव्हता, आम्ही काढलं.

दुसऱ्या बँकेने कंत्राटी उत्पन्न धरायची तयारी दाखवली, पण आयकर विवरणपत्रात दिसेल तेवढंच. इथे आणखी एक गाठ. आमच्याकडच्या बहुतेक कंत्राटी मुलींचं, आणि माझंही, विवरणपत्र करसल्लागार तेव्हा कलम ४४ एडीए खाली भरायचे. त्यात मिळकतीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता यायची आणि कापलेला टीडीएस परत मिळायचा. बँकेच्या लेखी त्यामुळे माझे २८,००० झाले १४,०००. तरी शून्यापेक्षा बरे. स्कूटरचं कर्ज आधीच फेडून टाकलं, सगळ्या जुन्या ऑर्डरी तारखेनुसार लावल्या, आणि मधले खंड प्रशासकीय आहेत असं कार्यालयाचं पत्र जोडलं. या पत्रासाठी आस्थापना विभागातल्या बाबूंच्या टेबलाशी जेवढी उभी राहिले, तेवढी बँकेत नाही राहिले.

आम्ही घेत होतो तो मोशीतला फ्लॅट ५४ लाखांचा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, म्हणून कर्ज ४३.२ लाख, हप्ता साडेसदतीस हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पैसे खिशातले.

तिथे मात्र मी कामाला आले. १ एप्रिल २०२१पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. नवरा-बायकोच्या नावे घेतलं तर नाही. आमचे ५४,००० वाचत होते. घरावर नाव नसल्याने नवऱ्याचंही काही जाणार नव्हतं; तो नव्या करप्रणालीत असल्यामुळे राहत्या घराच्या व्याजाची वजावट त्याला तशीही मिळणार नव्हती. बँकेला विचारलं, नवरा नुसता सहअर्जदार चालेल का? चालेल म्हणाले. नोंदणीच्या उताऱ्यावर, म्हणजे इंडेक्स टूवर, माझं एकटीचं नाव आहे.

मंजुरीपत्रात एक अट होती: चेक निघण्याआधी चालू ऑर्डरची प्रत. माझी ऑर्डर नेमकी त्याच महिन्यात संपत होती. खंड पडला, नवी ऑर्डर निघाली, फोटो एजंटाला पाठवला. “झालं मॅडम,” तो फोनवर म्हणाला, “एकदा चेक निघाला की पुढची ऑर्डर कुणी मागत नाही. हप्ता तेवढा पाच तारखेला जाऊ द्या.”