काउंटरवरची यादी आणि डॅशबोर्डमधले पुस्तक

गाडी सर्व्हिसिंगला टाकायची म्हटले, की माझ्या पोटात गोळा येतो. गाडीला काही झालेले असते म्हणून नव्हे. ती बिचारी ठणठणीत असते. गोळा येतो तो काउंटरवरच्या यादीमुळे. सकाळी नऊ वाजता आपण वर्कशॉपच्या दारात उभे राहतो. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक हसतमुख मुलगा पुढे येतो, गाडीला प्रदक्षिणा घालतो, बोनेट उघडून चेहरा गंभीर करतो आणि एक छापील कागद पुढे सरकवतो. ऑइल आणि फिल्टर त्यात असतातच. पण त्याखाली इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, अंडरबॉडी कोटिंग, रंगाला पॉलिश, चाकांत नायट्रोजन... पंगतीतल्या वाढप्याने जिलबीचा आग्रह करावा तसा हा आग्रह असतो. फरक इतकाच, की इथे पंगतीचे बिल जेवणाऱ्यानेच भरायचे असते.

माझ्या वडिलांना हा प्रश्न कधी पडला नाही. त्यांची प्रीमियर पद्मिनी होती आणि गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रींचे गॅरेज होते. कार्ब्युरेटर साफ करणे, पॉइंट घासणे, ग्रीस मारणे ही कामे सारखी निघत. पण वडील शेजारी स्टूल टाकून बसत आणि डोळ्यांदेखत काम होई. सन २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन इंधन इंजेक्शनच्या गाड्या आल्या, जुने ट्यूनिंग संपले. गाडीची कुरकुर कमी झाली, हे खरेच. पण मिस्त्री काचेपलीकडे गेले आणि आपल्या हाती उरला फक्त कागद.

पहिल्या वर्षी मी त्या कागदावर निमूटपणे सही केली. संध्याकाळी सतरा हजार चारशेचे बिल हातात आले. शेजारच्या काकांनी ते वाचले आणि म्हणाले, "अहो, गाडीला आंघोळ घातली, पावडर लावली आणि तुम्हाला टोपी घातली!" हे शब्द मला फार लागले. पुढच्या दोन्ही खेपांना मी सूड उगवल्यासारखा वागलो. ऑइल आणि ऑइल फिल्टर ठेवले आणि बाकीच्या सगळ्या ओळींवर काट मारली. घरी येऊन "आज आठ हजार वाचवले" असे अभिमानाने सांगितलेही. त्या खोडलेल्या ओळींत 'ब्रेक ऑइल बदलणे' ही एक ओळ होती. दोन्ही वेळा.

त्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही गुहागरला निघालो. गाडीत सौ., मुलगी, माझी आई आणि डिकी भरून सामान. उंब्रजला वळून पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर आलो. ऊन मी म्हणत होते. पुढे एक ट्रक रेंगाळत चालला होता. त्याच्यामागे मी तिसऱ्या गिअरवर, पाय सतत ब्रेकवर, असा उतरू लागलो. अर्धा घाट उतरलो असेन, तोच एका वळणावर ब्रेकचा पाय ओल्या मातीत जावा तसा आत गेला. गाडी मंदावली नाही.

त्या चार-पाच सेकंदांत काय केले ते मला नीट आठवत नाही. पाय वरखाली मारीत राहिलो, दुसरा गिअर पडला, मग पहिला. इंजिन किंचाळले, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूला दगडाला टेकून गाडी थांबली. मागून मुलीचा आवाज आला, "बाबा, काय झालं?" आईने काही विचारले नाही. ती डोळे मिटून बसली होती.

अर्ध्या तासाने ब्रेक पुन्हा पहिल्यासारखे लागू लागले. मला तो चमत्कार वाटला. चिपळूणच्या मिस्त्रींनी तो उलगडून सांगितला. त्यांनी बोनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीत बोट दाखवले. रंग कोऱ्या चहासारखा. "साहेब, हे कधी बदललंत?" मी गप्प राहिलो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल हळूहळू शोषून घेते. डॉट-३ जातीचे नवे ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पुरेसे पाणी मुरले की तीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५. घाटात सतत पाय दाबून धरला की ब्रेक तापतात, त्यांची उष्णता ऑइलपर्यंत जाते, ते उकळते आणि त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतात. वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पाय नुसताच आत जातो. निवल्यावर वाफ विरते आणि सारे पूर्ववत दिसते. अर्थात दोष निम्मा माझ्या पायाचाही होता. घाट ज्या गिअरवर चढतो, साधारण त्याच गिअरवर उतरावा, हे वडिलांनी शिकवले होते. ते मी विसरलो होतो.

त्या रात्री गुहागरला सौ.ने डॅशबोर्डच्या कप्प्यातून गाडीबरोबर आलेले पुस्तक काढले. ते अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होते! शेवटच्या पानांत एक तक्ता होता : कोणते काम किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी, यांतले जे आधी येईल तेव्हा. ब्रेक ऑइलपुढे 'दर दोन वर्षांनी' असे स्वच्छ लिहिले होते. "अहो, वाण्याच्या यादीत काय हवं, काय नको ते आपण घरून ठरवून जातो ना? मग इथे का नाही?" तिने विचारले. याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तेव्हापासून आमच्या घरी एक पद्धत पडली आहे. काउंटरवरच्या प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारायचे. पहिला : हे पुस्तकात आहे का? असेल तर घासाघीस न करता करायचे. इंजिन ऑइल, एअर फिल्टर, कूलंट, स्पार्क प्लग, ब्रेक ऑइल ही सारी मंडळी या घरातली. इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल तर तो ठरल्या अंतरावर बदलावाच. चालत्या गाडीत तो तुटला, की कित्येक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि खर्च आवाक्याबाहेर जातो. शिवाय धूळ, सततची गर्दी, जवळजवळच्या फेऱ्या अशा वापरासाठी बहुतेक पुस्तकांत मुदती कमी करून दिलेल्या असतात. शहरातल्या आपल्या बहुतेकांचा वापर याच प्रकारात मोडतो, हे विसरू नये.

दुसरा प्रश्न : पुस्तकात ठराविक मुदत नाही, पण गाडीत काही लक्षण दिसते आहे का? असेल तर "मला दाखवा" म्हणायचे. ब्रेक पॅड झिजले म्हणता, किती उरलेत ते दाखवा. टायर बदला म्हणता, खाचांमधल्या उंचवट्यापर्यंत रबर झिजले आहे का ते पाहू. ती खूण १.६ मिलिमीटरची असते आणि त्याखाली टायर वापरू नये. स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेने झिजत असेल तर अलाइनमेंट करावीच. एसीला वास येत असेल तर आधी केबिन फिल्टर पाहावा. बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो आणि हाताने निघतो. गाडी धक्के देत नसेल, सरासरी पडली नसेल, तर इंजेक्टर साफ करून काय मिळणार?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' आले, की हसून "या वेळी नको" म्हणायचे. नायट्रोजनने काही बिघडत नाही. पण साध्या हवेतच तो ७८ टक्के असतो. अंडरबॉडी कोटिंगचा विचार समुद्रकाठी राहणाऱ्याने जरूर करावा. पुण्यात दर वर्षी त्याची गरज मला दिसत नाही. वॉरंटीची भीती घातली, तर एवढे ध्यानात ठेवावे : पुस्तकातली कामे वेळेवर झाल्याची नोंद आणि पावत्या महत्त्वाच्या. पॉलिश नाकारल्याने इंजिनाची वॉरंटी जात नाही.

पुढच्या सर्व्हिसिंगला मी पुस्तक उघडूनच काउंटरवर ठेवले. तोच मुलगा होता. चौदा ओळींपैकी सहा पुस्तकातल्या निघाल्या, तीन त्याने गाडीखाली नेऊन दाखवल्या, त्यांतल्या दोन मला पटल्या. उरलेल्या आम्ही दोघांनी मिळून खोडल्या. बिल झाले अकरा हजार दोनशे. निघताना तो हळूच म्हणाला, "काका, महिन्याचं टार्गेट असतं हो आम्हाला. पण तुमच्या ब्रेक ऑइलचं मी दोन्ही वेळा मनापासून सांगितलं होतं."

ते खरे होते. चौदा ओळींत त्याची एक ओळ जिवाच्या मोलाची होती आणि बाकीच्या गर्दीत ती मला ऐकू आली नव्हती. डोळे झाकून सही करणारा मी आणि डोळे झाकून काट मारणारा मी, दोघांनीही वाचण्याचे कष्ट घेतले नव्हते. पहिल्याचे पैसे गेले. दुसऱ्याचे काय गेले असते, ते कुंभार्लीच्या वळणाला ठाऊक आहे.

दर मे महिन्यात आम्ही अजूनही गुहागरला जातो. माथ्यावर आलो, की आई मागून विचारते, "गिअर टाकलास का रे?" मी दुसरा गिअर टाकतो, मगच ती खिडकीची काच खाली करून दरी बघू लागते.