बिऱ्हाड हलविताना

मुंबईत घर परवडेनासे झाल्यावर अंबरनाथ-बदलापूरदरम्यानच्या चिखलोलीस बिऱ्हाड हलविणाऱ्या गृहस्थाने मुहूर्ताआधी पर्जन्यकाळाचा विचार करावा. कारण २०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या ज्या पुराने बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवून धरली, त्या पुरापुढे टेम्पोतल्या गाद्यांचा काय पाड! सोसायटीची परवानगी आणि लिफ्टची वेळ आठवडाभर आधीच मुक्रर करावी. शिधापत्रिका, भाडेकरार, दागिने हा ऐवज स्वतःच्याच हाती ठेवावा. फ्रिज आदल्या रात्री रिकामा व कोरडा करून उभाच न्यावा, कारण आडवा केल्यास काँप्रेसरमधले तेल नळ्यांत शिरते, आणि नव्या घरी काही तास स्वस्थ ठेवूनच तो सुरू करावा.

माझ्या मते सर्वांत उपेक्षित राहते ती पहिल्या रात्रीची चूल. तांदूळ, मुगाची डाळ, हळद, मीठ, कुकर आणि काडेपेटी एवढे जिन्नस एका टोपलीत भरून, तिच्या कडीस लाल दोरा बांधून, ती सर्वांत शेवटी चढवावी, म्हणजे सर्वांत आधी उतरते. लोणच्याची बरणी, तोंडास फडके आवळून, एका आजींनी सारा रस्ता मांडीवर धरून आणलेली मी पाहिली आहे. थेंबभरही खार सांडला नव्हता.