इंग्रजी वाक्याची घडण – लेखांक ७ : नामाच्या मागून चालणारे वाक्य

मागील लेखांकात नामाच्या अगोदर बसणाऱ्या एकशब्दी विशेषणांचा विचार झाला. त्या प्रकरणात मराठी आणि इंग्रजी यांची वाट एकच होती. आपण 'काळा दगड' म्हणतो आणि इंग्रजही तोच क्रम राखतो. आता ज्या विषयाला हात घालावयाचा आहे, त्यात मात्र दोन्ही भाषा विरुद्ध दिशांनी चालतात, आणि इंग्रजीचे पुष्कळ वर्षे अध्ययन केलेल्या विद्यार्थ्याचेही वाक्य नेमके येथेच अडखळते, असा माझा अनुभव आहे.

पंचवटीत एखाद्या नवख्या यात्रेकरूने रामकुंडापाशी उभे राहून कपालेश्वराची चौकशी केली, तर 'शंकरापुढे नंदी नसलेले देऊळ' ही खूण त्याला कोणीही सांगेल, कारण इतर शिवालयांपासून त्या देवळाला वेगळे काढणारी तीच ठळक गोष्ट आहे. हेच 'ज्या देवळात शंकरापुढे नंदी नाही, ते कपालेश्वराचे' असेही सांगता येते. पहिल्या रचनेत 'नसलेले' हे धातुसाधित विशेषण सगळ्या वर्णनाचा भार वाहते. दुसरीत 'ज्या' आणि 'ते' अशी जोडी दोन वाक्यांना सांधते. रचना भिन्न खऱ्या, परंतु दोहोंतही मुख्य विधानाला तोंड फुटण्यापूर्वी वर्णन पुरे झालेले असते. इंग्रज उलट करतो. तो प्रथम 'द टेम्पल' म्हणून नाम उच्चारतो आणि मग त्याच्या मागे 'दॅट हॅज नो नंदी' हे संपूर्ण वाक्य जोडतो. धातुसाधितांची सोय त्याच्याही भाषेत आहे. 'द बॉय सेलिंग फ्लॉवर्स' असे तो म्हणतोच. पण लक्षात घ्यावयाचे ते हे की, तेथेही 'सेलिंग फ्लॉवर्स' हे शब्द नामाच्या मागेच बसले. वर्णन लांबले की ते नामामागे गेले, हा इंग्रजीचा कायदा समजावा.

आपल्या 'जो–तो' या जोडीची परंपरा संस्कृतातील 'यत्–तत्' पर्यंत पोहोचते, आणि ती आपल्या अंगवळणी इतकी पडलेली आहे की, इंग्रजी लिहितानाही तिच्यातील दुसरा घटक नकळत उतरतो. 'जो मुलगा रामकुंडाजवळ फुले विकतो, तो माझा विद्यार्थी आहे' या वाक्याचे भाषांतर करताना विद्यार्थी 'द बॉय हू सेल्स फ्लॉवर्स निअर रामकुंड, ही इज माय स्टुडंट' असे लिहितो. मराठीत 'तो' गाळला तर वाक्य लंगडे पडते. इंग्रजीत 'ही' ठेवला तर वाक्य बिघडते, कारण 'द बॉय' हे नाम कर्त्याच्या जागेवर अगोदरच विराजमान झालेले आहे आणि त्या एकाच जागेवर दुसऱ्या इसमाची नेमणूक होऊ शकत नाही. 'द बॉय हू सेल्स फ्लॉवर्स निअर रामकुंड इज माय स्टुडंट', एवढेच पुरे.

याहून सूक्ष्म अडचण शब्दयोगी अव्ययांची आहे, आणि तिच्यापाशी थोडे थांबणे इष्ट होईल. 'आम्ही उतरलेली धर्मशाळा' असे आपण सहज म्हणतो. वास्तविक धर्मशाळा उतरली नाही. उतरलो आम्ही, आणि तेही तिच्यात. परंतु हा 'तिच्यात' मराठीने कोठेही उच्चारला नाही. 'मी जेवलेले ताट', 'आम्ही बसलेली नाव' या रचनांतही तसेच घडते: क्रियेचा आणि नामाचा संबंध कोणता, हे ऐकणाऱ्याने जाणून घ्यावे, असा मराठी धातुसाधितांचा रिवाज आहे, आणि ऐकणाऱ्याला ते जाणण्यात क्षणाचाही विलंब लागत नाही. मराठीचे हे लाघव मला फार मोलाचे वाटते. इंग्रजी ही सवलत देत नाही. 'द धर्मशाळा विच वी स्टेड' असे लिहून वाक्य सोडून दिले, तर इंग्रज वाचक पुढल्या शब्दाची वाट पाहत राहतो. त्याला 'इन' हवा असतो. म्हणून वाक्य लिहिल्यावर नाम पुन्हा मूळ जागी बसवून पाहावे: 'वी स्टेड इन द धर्मशाळा'. येथे 'इन' लागला, तर तेथेही लागणारच. त्याला बसावयास दोन जागा आहेत. 'द धर्मशाळा इन विच वी स्टेड' ही दस्तऐवजाला व ग्रंथाला शोभणारी रचना, आणि 'द धर्मशाळा वी स्टेड इन' ही रोजच्या बोलण्यातली. वाक्याच्या शेवटी असे अव्यय ठेवण्याबद्दल जॉन ड्रायडनने १६७२ साली बेन जॉन्सनसारख्या नाटककाराला दोष दिला, आणि तेव्हापासून कित्येक इंग्रजी शिक्षकांनी तो दोष मानला. परंतु इंग्रजांनी बोलताना त्याची पर्वा कधीच केली नाही, आणि आपल्या विद्यार्थ्यांनीही ती करण्याचे कारण नाही.

वरील 'द धर्मशाळा वी स्टेड इन' या रचनेत 'विच' अजिबात नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानी आले असेल. जोडलेल्या वाक्यात स्वतःचा कर्ता हजर असला, म्हणजे 'हू', 'विच', 'दॅट' यांना रजा देता येते: 'द प्रीस्ट वी मेट', 'द स्वीट्स यू बॉट'. परंतु हे सर्वनाम स्वतःच कर्ता असेल, तर ते गाळता येत नाही. 'द बॉय सेल्स फ्लॉवर्स' म्हणताच ते स्वतंत्र विधान होऊन बसते.

'हूज' विषयी एवढेच सांगतो की, ते केवळ मनुष्यासाठी राखून ठेवलेले नाही. नारोशंकराच्या देवळाची, १७४७ साली बांधलेल्या त्या शिवालयाची, ख्याती त्याच्या घंटेमुळे आहे, आणि ती घंटा वसईच्या मराठी विजयाची आठवण म्हणून सांगितली जाते. तेव्हा 'द टेम्पल हूज बेल इज फेमस' असे निःशंक लिहावे.

आता स्वल्पविरामाचे प्रकरण. समजा, एका गृहस्थाची पंचवटीत चार घरे आहेत. त्यांपैकी दोन भाड्याने दिलेली आहेत आणि दोहोंत कुटुंब राहते. मृत्युपत्रात त्याने 'माय हाउसेस इन पंचवटी विच आर लेट शॅल गो टु माय नेफ्यू' असे लिहिले, तर पुतण्याला दोन घरे मिळतील, कारण येथे 'विच आर लेट' हे वाक्य चारांतून दोन निवडून देते. परंतु लेखनिकाने 'पंचवटी' पुढे एक आणि 'लेट' पुढे एक असे दोन स्वल्पविराम घातले, तर त्याच शब्दांचा अर्थ 'माझी पंचवटीतील घरे, आणि ती सगळीच भाड्याने दिलेली आहेत' असा होतो, व पुतण्या चारही घरांवर हक्क सांगू लागतो. पहिल्या प्रकारच्या वाक्याचे काम निवड करण्याचे आहे. दुसऱ्याचे काम, जे अगोदरच निश्चित झाले आहे त्याच्याविषयी अधिक माहिती देण्याचे. 'दॅट' हा शब्द पहिल्याच प्रकारात चालतो. विशेषनामाची निवड करण्याचा प्रश्नच नसतो; म्हणून रंगराव ओढेकरांनी बांधलेल्या काळारामाच्या मंदिराविषयी लिहिताना 'द काळाराम टेम्पल, विच वॉज बिल्ट बाय ओढेकर,' असा स्वल्पविराम अनिवार्य ठरतो.

मराठीत हा भेद विरामचिन्हावर सोपवलेला नाही. 'जी घरे भाड्याने दिली आहेत, ती पुतण्याला द्यावीत' या वाक्यात निवड इतकी स्पष्ट आहे की, कोणत्याही कचेरीत दुसरा अर्थ निघणार नाही. उलट केवळ माहिती द्यावयाची असेल, तर आपण धातुसाधित वापरतो किंवा सरळ दुसरे वाक्य सुरू करतो. म्हणूनच 'काळाराम मंदिर, जे ओढेकरांनी बांधले, तेथे १९३० च्या २ मार्चला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला' ही अलीकडे छापील मराठीत दिसू लागलेली रचना मला खटकते. तीत 'जे' हा शब्द मराठी असला, तरी काम तो इंग्रजी 'विच' चे करीत आहे. 'ओढेकरांनी बांधलेल्या काळाराम मंदिरापाशी १९३० च्या २ मार्चला, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला' असे लिहिण्यात काहीच उणे पडत नाही, उलट वाक्य आपल्या पायांवर उभे राहते. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. ज्याला या रचनांचा मराठीच्या अंगाने कसून अभ्यास करावयाचा असेल, त्याने तो ग्रंथ अवश्य चाळावा.

पुढील लेखांकात 'व्हेअर' आणि 'व्हेन' यांनी आरंभ होणारी वाक्ये घेऊ. तोवर वाचकांनी रामकुंडापासून काळारामापर्यंतच्या वाटेवर दिसणाऱ्या गोष्टींवर दहा मराठी वाक्ये धातुसाधितांनी रचावीत, त्यांचे इंग्रजी करावे, आणि प्रत्येक वाक्यात नाम मूळ जागी परत बसवून एखादे अव्यय गळले नाही ना, याची खात्री करून घ्यावी.