मालक बदलला, कामाचं काय?

जिन विकली, तेलाची गिरणी विकली, की पहिली काळजी मजुराला पडते. जुना मालक पैसे घेऊन मोकळा होतो. आपण कुठे जायचे? एरंडोलच्या बाजारात हा प्रश्न आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. त्याला एका शब्दाचं उत्तर नाही. म्हणून आपल्या जिल्ह्यातल्याच गोष्टी पाहू.

जळगावला केळीची भुकटी करणारा एक कारखाना होता. तो डबघाईला आला. १९७८ साली भवरलाल जैन यांनी तो ३० लाख रुपयांना घेतला. हे गृहस्थ १९६३ पासून रॉकेल विकत होते. त्यांनी कारखान्यात फेरफार केले आणि पपेन काढायला सुरुवात केली. पपेन पपईच्या चिकापासून बनते. ते औषधांत आणि मांस मऊ करायला लागते, परदेशात खपते. आता चीक कसा काढतात? हिरवी पपई झाडावरच असते. सकाळी तिला बारीक चिरा देतात आणि गळेल तो चीक भांड्यात धरतात. हे सारं हाताचं काम. म्हणजे पाहा, फाटकाच्या आत माणसं लागली ती लागलीच, शिवाय शेतात चिरा देणारी, चीक वाहणारी माणसंही लागली. १९८० साली पाइप आले, पुढे ठिबकच्या नळ्या. हजारोंना काम मिळालं. कर्जही फार झालं, हे सांगितलं पाहिजे. २०२३ साली कंपनीने आपला परदेशातला ठिबकचा धंदा दुसऱ्या कंपनीत मिसळला आणि कर्जाचा भार उतरवला.

अमळनेरची गोष्ट निराळी. तिथे १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली. १९६६ साली मालक वारले. एकवीस वर्षांचा मुलगा अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून आला. तीच आजची विप्रो. तूप-साबणावरून ती संगणकाकडे वळली. आज तिच्याकडे दोन लाखांवर माणसं आहेत. पण ती बंगलोरकडे, दूरदूरच्या शहरांत. जुने शेअर जपणारे अमळनेरकर श्रीमंत झाले. गावातली कामं त्या मानाने वाढली नाहीत.

आणि आपल्या एरंडोलात पूर्वी हातकागद होत असे. तिथे कोणी कारखाना विकला नव्हता. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि काम गेलं.

तेव्हा नवा मालक आला की विचारावं: माल कोणता काढणार? तो खपणार कुठे? कर्ज किती?

कायदाही माहीत हवा. कारखाना विकला आणि नव्या मालकाने जुन्या अटींवर, नोकरीत खंड न पाडता ठेवलं नाही, तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला भरपाई मिळते. १९४७ च्या कायद्यात ही सोय होती, २०२० च्या संहितेतही आहे. पण त्यासाठी पगाराची पावती, फंडाचा नंबर जवळ लागतो. मुकादमाच्या वहीत नुसता अंगठा असेल, तर आपण वर्षभर तिथे होतो हे दाखवणं फार कठीण जातं.