घोडा शिकतो, स्वार शिकतो

तुम्ही घोडा कोठे पाहिला आहे? कोणी लग्नाच्या वरातीत पाहिला असेल, कोणी टांग्याला जुंपलेला पाहिला असेल. माथेरानला सहलीला गेला असाल, तर कदाचित त्याच्या पाठीवर बसलाही असाल. घोडा चालतो, धावतो, ओझे वाहतो, हे आपल्याला माहीत आहे. पण घोड्याचीही परीक्षा असते, त्याला गुण मिळतात आणि त्या गुणांवर देशाला सुवर्णपदक मिळते, हे तुम्हांला माहीत आहे का?

२६ सप्टेंबर २०२३ ची गोष्ट. चीनमधील हांगझोऊ शहरात आशियाई क्रीडा स्पर्धा चालू होत्या. घोडेस्वारीच्या ‘ड्रेसाज’ या प्रकारात त्या दिवशी भारतीय संघाने सुवर्णपदक जिंकले. संघात चार तरुण स्वार होते : अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला. त्यांपैकी हृदय हा आपल्या मुंबईचा. यापूर्वी १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत भारताला घोडेस्वारीत सुवर्णपदके मिळाली होती. त्यानंतर तब्बल ४१ वर्षांनी हे यश मिळाले.

दुसऱ्या दिवशी मी ही बातमी वर्गात वाचून दाखवली. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. तो म्हणाला, “सर, मेहनत तर घोडा करतो. मग पदक स्वाराला का?”

सारा वर्ग हसला. पण तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर शोधायचे, तर ड्रेसाज म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे.

ड्रेसाज हा फ्रेंच भाषेतील शब्द आहे. त्याचा अर्थ शिकवून तयार करणे. शर्यतीत घोड्याचा वेग पाहतात. अडथळ्यांच्या स्पर्धेत त्याची उडी पाहतात. ड्रेसाजमध्ये मात्र तो किती शिकला आहे आणि स्वाराचे म्हणणे त्याला किती कळते, हे पाहतात. मोठ्या स्पर्धेतील ड्रेसाजचे मैदान ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असते. मैदानाच्या कडेला इंग्रजी अक्षरांच्या पाट्या असतात. कोणत्या अक्षरापाशी वळायचे, कोठे थांबायचे, कोठे चाल बदलायची, हे आधीच ठरलेले असते. प्रत्येक कृतीला परीक्षक शून्य ते दहा यांमध्ये गुण देतात. शेवटी गुणांची टक्केवारी काढतात, अगदी तुमच्या प्रगतिपुस्तकासारखी!

घोड्याच्या तीन मुख्य चाली या परीक्षेत असतात. साध्या चालीत चार ठोके ऐकू येतात, कारण चारही पाय एकामागून एक जमिनीला लागतात. दुडक्या चालीत दोन ठोके असतात. त्याहून वेगाच्या चालीला ‘कँटर’ म्हणतात. तिच्यात तीन ठोके असतात. बाकावर बोटांनी हे ठोके वाजवून पाहा. म्हणजे संगीताच्या तालावर घोडा कसा चालत असेल, याची तुम्हांला कल्पना येईल.

हांगझोऊला चार स्वारांपैकी ज्या तिघांना सर्वांत जास्त गुण मिळाले, त्यांच्या गुणांची बेरीज संघासाठी धरली गेली. अनुषला ७१.०८८, हृदयला ६९.९४१ आणि दिव्यकृतीला ६८.१७६ टक्के गुण मिळाले. आता वही घ्या आणि बेरीज करा. २०९.२०५ येते ना? दुसऱ्या क्रमांकाच्या चीनची बेरीज २०४.८८२ होती.

ही परीक्षा देण्याआधी स्वाराला किती शिकावे लागते, ते आता पाहू. या शिक्षणातील बरेचसे मराठी शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. घोड्याच्या पाठीवर घालतात ते जीन. पाय ठेवतात ती रिकीब. तोंडात घालतात तो लगाम. खुराला ठोकतात तो नाल. पाठीवर बसतो तो स्वार. उर्दूतील जीन, रकाब, लगाम, नाल आणि सवार हेच ते शब्द! फारसी आणि अरबी भाषांतून ते उर्दूत आले, तसेच मराठीतही आले. शेकडो वर्षे दख्खनच्या फौजांमध्ये निरनिराळ्या भाषा बोलणारे स्वार एकत्र होते. त्यांच्याबरोबर हे शब्दही एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेले.

घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलाचा पहिला धडा घोड्यावर बसण्याचा नसतो. तो जमिनीवर उभे राहून घोड्याजवळ जाण्याचा असतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला आजूबाजूचे खूप दिसते. पण अगदी पाठीमागचे दिसत नाही. मागून अचानक कोणी आले, तर तो दचकतो आणि लाथ मारतो. तो रागाने लाथ मारत नाही, भीतीने मारतो. म्हणून त्याच्या खांद्याच्या बाजूने, हळू बोलत जावे लागते. मग त्याला खरारा करायचा, खुरांत अडकलेली माती आणि खडे काढायचे, पाठीवर कोठे जखम नाही ना, ते पाहायचे. एवढे झाल्यावरच जीन चढवायचे.

घोड्यावर बसल्यावरही मुलाच्या हातात लगेच लगाम देत नाहीत. शिक्षक मध्यभागी उभे राहून घोड्याला लांब दोरीने गोल फिरवतात. मूल वर बसून फक्त तोल सांभाळते. कधी कधी रिकिबीतून पायही काढायला सांगतात. असे का करतात? लगामाची कडी घोड्याच्या तोंडात, जिभेवर असते. ज्याला नीट बसता येत नाही, तो पडू नये म्हणून लगामाला लटकतो. त्याच्या प्रत्येक हिसक्याने घोड्याचे तोंड दुखते. म्हणून आधी मांड पक्की करायची आणि मगच लगाम हाती घ्यायचा. मांड म्हणजे घोड्यावरची बैठक. या कामात महिने जातात. पुष्कळ मुले येथेच कंटाळतात.

यानंतर इशाऱ्यांची भाषा येते. स्वार तीन गोष्टींनी बोलतो : बैठक, पाय आणि लगाम. परीक्षेत तोंडाने आवाज काढायला परवानगी नसते. आवाज काढला, तर गुण कमी होतात. घोड्याचे वजन साधारण ५०० ते ६०० किलो असते. एवढ्या मोठ्या प्राण्याला ताकदीने ढकलता येत नाही. त्याला समजेल अशा रीतीनेच सांगावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. स्वार पायांनी घोड्याच्या अंगाला हलका दाब देतो. घोडा एक पाऊल पुढे टाकतो. त्याच क्षणी स्वाराने दाब काढून घ्यायचा असतो. “मी योग्य केले म्हणून दाब गेला,” हे घोड्याला त्यातून कळते. म्हणजेच घोडा दाब देण्याने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो. दाब सुटायला थोडा जरी उशीर झाला, तरी त्याचा गोंधळ होतो. तो पुढे गेला, तरीही स्वार टाचा मारत राहिला, तर काय होईल? पुढे जाऊनही सुटका नाही, असे घोड्याला वाटेल. हळूहळू तो पायांच्या इशाऱ्याकडे लक्ष देईनासा होईल. मग लोक म्हणतील, “हा घोडा हट्टी आहे.” खरे पाहता घोडा हट्टी नसतो. केव्हा थांबायचे, हे शिकवणाऱ्याला समजलेले नसते.

घोड्याचे शरीरही तयार करावे लागते. घोड्याच्या अंगाचे जास्त वजन स्वाभाविकपणे पुढच्या दोन पायांवर असते. पाठीवर माणूस बसला की तोल आणखी पुढे जातो. ड्रेसाजच्या शिक्षणात हे वजन थोडे थोडे मागच्या पायांवर आणतात. त्यासाठी मागचे पाय आणि पाठ बळकट व्हावी लागते. शेवटी शेवटी घोडा जवळजवळ एकाच जागी दुडकी चाल करू शकतो. या कृतीला ‘पियाफ’ म्हणतात. ती घाईने शिकवता येत नाही. साधारण तीन-चार वर्षांच्या घोड्यावर स्वारीचे शिक्षण सुरू होते. आणि सर्वांत वरच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत घोडा आठ वर्षांचा होईपर्यंत त्याला उतरता येत नाही, असा नियम आहे.

अनुष अगरवाला याच वाटेने पुढे गेला. त्याचा जन्म १९९९ साली कोलकात्यात झाला. लहानपणीच तो घोडेस्वारी शिकू लागला. पुढे चांगल्या शिक्षणासाठी तो शाळा सांभाळून सुटीच्या दिवशी दिल्लीला जात असे. २०१७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने घर सोडले आणि तो जर्मनीत गेला. विचार करा, तेव्हा तो तुमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठा होता! देश नवा, भाषा नवी, थंडी कडाक्याची. तेथे पाडरबॉर्न शहराजवळ हुबर्टुस श्मिट हे त्याचे शिक्षक झाले. श्मिट यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या ड्रेसाज संघातून सुवर्णपदक मिळवले होते.

२०२२ साली डेन्मार्कमधील हेर्निंग येथे जागतिक स्पर्धा झाली. तेथे अनुष उतरला. पुढच्या वर्षी ‘एट्रो’ नावाच्या घोड्याबरोबर त्याने हांगझोऊला संघाचे सुवर्णपदक मिळवले. दोन दिवसांनी, २८ सप्टेंबरला, ७३.०३० टक्के गुणांसह त्याला वैयक्तिक कांस्यपदकही मिळाले. आशियाई स्पर्धांतील ड्रेसाजमध्ये भारताचे हे पहिलेच वैयक्तिक पदक होते.

त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट घडली. आधीच्या वैयक्तिक फेरीत मुंबईच्या हृदयने ७३.८८३ टक्के गुण मिळवून पहिला क्रमांक पटकावला होता. त्यामुळे अंतिम फेरीत सर्वांचे लक्ष त्याच्याकडे होते. परंतु त्याच्या घोड्याच्या पुढच्या पायावर रक्त दिसले आणि त्याला स्पर्धेतून बाद करण्यात आले. जखम लहान आहे की मोठी, चूक कोणाची आहे, हे हा नियम विचारत नाही. घोड्याच्या अंगावर ताजे रक्त दिसले की फेरी तेथेच संपते.

हे ऐकून वर्गातील मुले हळहळली. एक जण म्हणाला, “सर, हा तर अन्याय झाला!” हृदयला किती दुःख झाले असेल, हे आपण समजू शकतो. इतक्या वर्षांची मेहनत आणि पदक इतके जवळ आलेले! पण दुसरी बाजूही पाहा. स्वाराला दुखले, तर तो तसे सांगू शकतो. घोड्याला बोलता येत नाही. तो दुखणे सोसूनही चालत राहतो. म्हणून त्याच्या वतीने नियमाला बोलावे लागते. पदक कितीही मोठे असले, तरी ते मुक्या प्राण्याच्या दुखण्यापेक्षा मोठे नसते.

२०२४ साली अनुष पॅरिस ऑलिंपिकमध्ये उतरला. ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये भाग घेणारा तो पहिला भारतीय ठरला. ही स्पर्धा व्हर्सायच्या राजवाड्याच्या परिसरात झाली. या वेळी त्याच्याबरोबर एट्रो नव्हता; ‘सर कॅरामेलो ओल्ड’ नावाचा घोडा होता. अनुषला ६६.४४४ टक्के गुण मिळाले आणि तो पुढच्या फेरीत जाऊ शकला नाही. पण हे शिक्षण एका स्पर्धेने संपत नाही. घोडा बदलला की त्याचा स्वभाव, त्याची भीती, त्याचा ताल हे सारे नव्याने ओळखावे लागते. म्हणून मोठमोठे स्वारही मरेपर्यंत विद्यार्थीच राहतात.

आता मागच्या बाकावरच्या त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. मेहनत घोडा करतो, पदक स्वाराला का? मी त्याला म्हणालो, “मेहनत दोघांचीही असते. घोडा शिकतो आणि घोड्याला शिकवता शिकवता स्वारही शिकतो. तो हात हलका ठेवायला शिकतो, राग आवरायला शिकतो. घोडा चुकला, तर आधी आपले काय चुकले, ते पाहायला शिकतो. पदक गळ्यात घालतात ते स्वाराच्या, हे खरे. पण बक्षीस देण्याच्या वेळी विजेत्या घोड्याच्या लगामालाही रंगीत फीत बांधतात.”

मुलगा थोडा वेळ विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, “म्हणजे सर, अर्धे पदक घोड्याचे!”

या वेळी वर्गात कोणी हसले नाही.