तिसऱ्या चाकाचे लायसन्स

जगात सर्वाधिक तीनचाकी वाहने बनवणारी बजाज कंपनी पुण्याजवळच्या आकुर्डीची. इटालियन पिआज्जोचा रिक्षा-टेम्पोंचा कारखाना बारामतीला, म्हणजे याच जिल्ह्यात. आणि वाहन बाजारात येण्याआधी त्याची कसून तपासणी करणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यातच. तीनचाकीबद्दल देशाला काही विचारायचे असेल तर ते पुण्यालाच विचारावे लागेल. एआरएआयच्या कागदांवर रिक्षा 'एल5' या गटात बसते आणि बजाजची चिमुकली चारचाकी क्यूट 'एल7' मध्ये. यंत्र तपासताना चाके मोजली जातात. चालकाची पाळी आली की ही मोजणी थांबते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 10 मध्ये लायसन्सचे वर्ग दिले आहेत: विनागिअरची मोटारसायकल, गिअरची मोटारसायकल, हलके मोटार वाहन, परिवहन वाहन वगैरे. रोडरोलरलासुद्धा त्यात स्वतंत्र जागा आहे, तीनचाकीला नाही.

मग तीनचाकी जाते कुठे? व्याख्यांचे कलम वाचले तर गंमत कळते. काढता-घालता येणारी साइडकार आणि तिचे जास्तीचे चाक धरूनही मोटारसायकल ही मोटारसायकलच राहते. म्हणजे साइडकार जोडलेल्या स्कूटरला दुचाकीचेच लायसन्स पुरते. तिसरे चाक कायमचे असेल, तर गाडी भाड्याने चालते की घरच्या वापराची आहे एवढेच पाहिले जाते. भाड्याची रिक्षा परिवहन वाहन ठरते. तीच खासगी वापरासाठी ठेवली, तर मोटारसायकल नाही, ट्रॅक्टर नाही, बस नाही, या न्यायाने ती थेट 'मोटार कार' होते. वजन 7,500 किलोच्या आत असल्याने दोन्हीकडे ती हलके मोटार वाहन. कायदा वजन विचारतो, वापर विचारतो. गाडी वळणावर कशी वागते हे विचारत नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

कारण तीनचाकी ही कारची धाकटी बहीण नव्हे. रिक्षाला हँडल असते. डाव्या हाताने क्लच दाबून तीच मूठ फिरवत गिअर टाकायचा, ॲक्सिलरेटर उजव्या मुठीत, ब्रेक उजव्या पायाखाली, रिव्हर्सचा दांडा वेगळाच. पुढे एकच चाक असल्याने रिक्षा कारसारखी आडवी उलटत नाही. पुढच्या चाकापासून बाहेरच्या मागच्या चाकापर्यंत जी तिरकी रेषा जाते तिच्यावरून ती कलंडते. वळणात ब्रेक दाबला की भार पुढे सरकतो, म्हणजे नेमका तिथे, जिथे आधार सर्वात अरुंद असतो. साइडकारची तऱ्हा आणखी निराळी. आपल्याकडे ती डावीकडे असते. डावे वळण जोरात घेतले की तिचे चाक उचलले जाते, वेग घेताना गाडी डावीकडे ओढते आणि ब्रेक मारताच उजवीकडे. दुचाकीवर मुरलेल्या माणसाचे अंग वळणावर आपोआप कलते, आणि ही जोडगाडी तर कलतच नाही. तेव्हा चेतक स्कूटरवर मूठ फिरवून गिअर टाकायला शिकलेल्याला रिक्षाचे निम्मे कसब येते, कार चालवणाऱ्याला उरलेले निम्मे. पूर्ण कसब दोघांकडेही नाही. कायद्याने मात्र दुसऱ्याला मोकळे रान दिले आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, आरटीओच्या 'सारथी' प्रणालीत तीनचाकीचे रकाने वेगळे आहेत आणि प्रवासी रिक्षाला बिल्लाही लागतो. खरे आहे. पण बिल्ल्यासाठी चारित्र्याचा दाखला लागतो, हँडलवरचा हात कोणी पाहत नाही. आणि रकान्यांचे कायदेशीर वजन किती, हे 6 नोव्हेंबर 2024 ला स्पष्ट झाले. बजाज अलायन्झ (हीसुद्धा पुण्याचीच) विरुद्ध रंभादेवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, 2017 च्या मुकुंद देवांगन निकालाची री ओढत, ठरवले की हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असणाऱ्याला 7,500 किलोपर्यंतचे परिवहन वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. निकाल मला पटतो. 'चालकाच्या लायसन्सवर शिक्का नाही' एवढ्या भांडवलावर विमा कंपन्यांनी अपघातग्रस्तांची भरपाई अडवावी, हे किती दिवस चालू द्यायचे? पण तिथे वाद वजनाचा आणि व्यवसायाचा होता, चाकांचा नव्हता.

हलक्या वाहनाच्या लायसन्सवर परिवहन वाहन चालवणाऱ्यांमुळे अपघात वाढतात हे दाखवणारी आकडेवारी समोर आली नाही, असे न्यायालयाने नोंदवले. हा दुसरा आक्षेप मात्र जड आहे. तरी ती आकडेवारी येणार कुठून, हेही पाहावे. केंद्राच्या वार्षिक अपघात अहवालात चालकांची विभागणी पक्के लायसन्स, शिकाऊ लायसन्स आणि विनालायसन्स अशी होते. कारवर परीक्षा देऊन रिक्षा चालवणारा त्यात 'पक्के लायसन्स' या रकान्यात जाऊन बसतो. न मोजलेली गोष्ट आकड्यांत दिसत नाही, यावरून ती घडत नाही असे ठरत नाही. ती घडते हेही यावरून सिद्ध होत नाही, हे मान्य. म्हणून माझा युक्तिवाद गाडीच्या यांत्रिकीवर उभा आहे, अपघातांच्या संख्येवर नाही.

वजन किंवा इंजिन पाहून लायसन्स ठरवण्याची खोड आपली एकट्याची नाही. ब्रिटनमध्ये 8 हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे 406 किलोच्या आतली तीनचाकी मोटारसायकलच्या लायसन्सवर चालत असे. रिलायंट कंपनीच्या छप्परवाल्या तीनचाकी त्या सवलतीवरच खपल्या. जर्मनीत गोगोमोबिल या चिमुकल्या कारचे इंजिन 250 सीसीचे ठेवले गेले, ते जुन्या चौथ्या वर्गाच्या लायसन्सवाल्यांसाठी. लायसन्सचा नियम गाडीचा आकार ठरवतो, तो असा. आपल्याकडची क्यूट 2012 च्या जानेवारीत दिल्लीत दाखवली गेली आणि कोर्टकचेऱ्यांतून वाट काढत महाराष्ट्रात विक्रीला आली ती 2019 मध्ये. पुण्याच्या वायवे कंपनीची सौर कार 'एवा' 2025 च्या जानेवारीत प्रदर्शनात मांडली गेली. पण माझी तक्रार या दोघींबद्दल नाही; त्यांना चार चाके आणि स्टिअरिंग आहे. कारवर दिलेली परीक्षा त्यांना पुरेशी वाटते.

राहता राहिला एजंटांचा मुद्दा: आणखी एक वर्ग काढला की त्यांची चांदी आणि पोटासाठी रिक्षा धरणाऱ्याच्या खिशाला कात्री. पण नवा वर्ग कोण मागतो आहे? कलम 10 च्या यादीत शेवटी 'विशिष्ट वर्णनाचे मोटार वाहन' अशी जागा आधीच आहे. ई-रिक्षासाठी 2015 च्या दुरुस्तीने सवलती दिल्या, तरी किमान दहा दिवसांच्या प्रशिक्षणाची अट नियमांत आहे. ताशी 25 किलोमीटरच्या गाडीला जे लागते, ते तिच्याहून वेगाने धावणाऱ्या रिक्षाला का नको? परीक्षा तीनचाकीवरच व्हावी आणि तिच्यात वळणातले ब्रेकिंग व रिव्हर्स यावे, एवढीच ही मागणी. गाडी परीक्षा केंद्राने पुरवावी, नाहीतर तीही एजंटच आणेल.